पाढ्यांच्या बंगल्यातली खुर्ची

साताऱ्यात भुतांची व्यवस्था चोख आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीत, वेताळ शिवेवर. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि शक्यतो कुणी बदली मागत नाही. आमच्या आळीतल्या मुंज्याने कुणाला त्रास दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण अमावास्येला त्या पिंपळाखालून जाताना निवृत्त तहसीलदारसुद्धा घसा खाकरून, आपण आलो आहोत असं कळवतात. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझा भुतांवर विश्वास नाही. त्यांच्या गोष्टींवर मात्र आहे, कारण एखाद्या वास्तूबद्दल सरकारी फलकावर जे लिहिता येत नाही, ते लोक भुताच्या नावावर सांगून मोकळे होतात.

म्हणून जानेवारीत नलूचा फोन आला तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. नलू माझी वसतिगृहातली मैत्रीण. विमा कंपनीतून निवृत्त झाली, अंधेरी पूर्वेला राहते आणि माझ्याशी आजही वसतिगृहात असल्यासारखीच बोलते.

"तुला पडक्या इमारतींचं वेड आहे ना," ती म्हणाली, "मग ये. आमच्याकडे भुतांसकट आहेत. आणि रविवारी एका ठिकाणी दहा मिनिटं बोलायचंय. नाही म्हणू नकोस, मी हो सांगून बसलेय."

## गुरुवार, अंधेरी

नलूच्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर आपोआप थांबते. दार उघडतं, कुणीही आत येत नाही, दार मिटतं. ही इमारत एक जुनी विहीर बुजवून बांधली आहे, त्यामुळे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सहीची सूचना चिकटवलेली होती की, लिफ्टबाबत अफवा पसरवू नयेत. सेक्रेटरी स्वतः सातव्या मजल्यावर राहतात आणि जिन्याने जातात. प्रकृतीसाठी, असं ते सांगतात.

विहिरीतली हडळ बिचारी लिफ्टमध्ये आली, याचं मला वाईट वाटलं. मुंबईत जागेची अडचण आहे हे मी ऐकून होते, पण ती इतक्या खालच्या थरापर्यंत पोचली असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सुजाता आली. रविवारचं आमंत्रण तिचं होतं. मूळची वाशीमची, इथे एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासते. पस्तिशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. येताना तिने पाटोडीची भाजी आणली होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नलू म्हणाली, भाजी आवडली असं समजायचं. साताऱ्याचं तिखट तिखट असतं, असा माझा समज होता. तो मी त्या ताटातच सोडून दिला.

मरोळच्या गावठाणात एक जुना बंगला आहे. एका न्यासाच्या मालकीचा. सहा वर्षांपूर्वी सुजाताने खटपट करून त्याचा तळमजला मिळवला आणि तिथे आसपासच्या चाळींतल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. एका खोलीत पाच माणसं, टीव्ही आणि शिवणयंत्र असलेल्या घरांतली मुलं तिथे येऊन वाचतात. अडचण एकच होती. मुलं चारला येतात आणि दिवेलागणीच्या आत झाडून सगळी निघून जातात, कारण बंगल्यात भूत आहे. आई-बापच थांबू देत नाहीत. शाळा-कॉलेजं, शिकवण्या करून मुलं येणार चारला आणि जाणार सहाला. न्यासाच्या अध्यक्षांनी हाच मुद्दा काढला होता. एवढ्या मोठ्या वास्तूचा दोन तासच वापर होत असेल, तर तिथे हेरिटेज कॅफे काय वाईट? रविवारी अभ्यासिकेचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष येणार होते, आणि कॅफेची घोषणा तिथेच करणार असल्याचं त्यांच्या कार्यालयातून कळलं होतं.

"तुम्ही वास्तूचा इतिहास सांगा," सुजाता म्हणाली. "त्यांना हेरिटेज आवडतं. मी मुलांचं सांगते. बघू, ऐकलं तर."

मी विचारलं, तुमचा भुतावर विश्वास आहे का?

"आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा पाळतात, ताई. भूतबीत काही नाही. पण भुताला मानणारी माणसं आहेत ना, आणि पोरं त्यांची आहेत."

## शुक्रवार, जोगेश्वरी आणि आरे

भाषणाची तयारी म्हणून नलूने मला उपनगरातल्या भुतांची ओळख करून द्यायचं ठरवलं.

जोगेश्वरीची लेणी शोधावी लागतात. दुकानं, घरं, वाळत घातलेले कपडे, आणि मध्येच पायऱ्या जमिनीत उतरतात. आपण कुणाच्या तरी तळघरात शिरतोय असं वाटतं आणि समोर दगडी खांबांचा लांबरुंद मंडप उघडतो. मधोमध देवी. वर लोकांचे संसार, खाली हिचा. ओल्या दगडाचा वास, तेलाच्या दिव्याचा वास आणि वरच्या कुठल्यातरी घरातल्या फोडणीचा वास, तिन्ही एकदम येत होते. दीड हजार वर्षांत वास्तूचा उपयोग न बदललेली ठिकाणं फार थोडी. तिथे मला भुतापेक्षा वरच्या घराच्या फोडणीने जास्त भारून टाकलं.

आत एक भूतसहल चालू होती. खादीचा झब्बा घातलेला एक तरुण गळ्यात माईक अडकवून दहा-बारा जणांना सांगत होता की या खांबापाशी तापमान अचानक उतरतं, ऊर्जा बदलते.

"दगडाची गुहा आहे रे," नलू म्हणाली. "बाहेर ऊन, आत गार. तुझी ऊर्जा कशाला बदलायला हवी?"

तो हसला. पण त्याच्या माणसांनी आमच्याकडे रागाने पाहिलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला फुकटचं स्पष्टीकरण आवडत नाही. फुलवालीकडे चौकशी केली तर ती म्हणाली, आतून कधी कधी पावलं वाजतात, पण ती जोग्यांची, त्यांची काय भीती धरायची. तिला भीती पुजारीबुवांची होती. ते तिची टोपली दारातून हलवायला लावत.

तिथून रिक्षाने आरे कॉलनीत गेलो. अंधेरीपासून पाऊण तासात झाडी, बांबूची बेटं, गुरांचे गोठे आणि शेणाचा असा घनदाट वास, की मला एकदम घरी आल्यासारखं झालं. या रस्त्यावर पांढऱ्या साडीतली एक बाई लिफ्ट मागते म्हणे. आमच्याकडच्या घाटातही एक आहे. महाराष्ट्रात पांढऱ्या साडीतल्या भुतांची इतकी गर्दी असताना त्या बायका रंग बदलत का नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही. रिक्षावाल्याला विचारलं, ती समोर आली तर काय करशील? तो म्हणाला, कुठे जायचंय ते आधी विचारणार. साकीनाका म्हणाली तर नाही जाणार.

पुढे एका पाड्याच्या तोंडाशी एक वारली आजी अळूची पानं विकत बसली होती. भुताचं नाव काढताच तिने मान हलवली. पाड्याच्या कडेला वाघोबाचं ठाणं होतं, शेंदूर लावलेलं. तिच्या अंगणातून गेल्या आठवड्यात बिबट्याने कोंबडी नेली होती. खरा वाघ दारात येत असताना भुताला वेळ कोण देणार, असा एकंदर तिचा सूर होता. आम्ही अळू घेतलं. ते नलूच्या घशाला खाजलं आणि तिने त्याचं खापर माझ्या चिंच कमी घालण्यावर फोडलं. वाघोबावर फोडलं नाही, हे विशेष.

## शनिवार, मरोळ

बंगला पाहून मी खरंच थांबले. पुढे रुंद ओटी, तिच्यावर मंगलोरी कौलांचा उतार, लाकडी महिरपी, आणि वरच्या मजल्याला आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या. मागे काचेच्या तीन टोलेजंग इमारती अशा वाकून उभ्या, की जणू हा केव्हा पडतो ते बघायला आल्या आहेत. फाटकाजवळ एक कोनशिला होती. अक्षरं इतकी झिजलेली की बोट फिरवल्यावर फक्त एक 'र' आणि अर्धवट काहीतरी लागलं. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढंसं मिळालं तरी तो लेख लिहितो. मला दुसऱ्या दिवशी भाषण करायचं होतं.

ओटीच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. काळ्या शिसवी लाकडाची, लांब हातांची, वेताची पाठ. उन्हातून आल्यामुळे मी पुढे झाले आणि हातातली पिशवी, म्हणजे साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे, त्या खुर्चीवर ठेवली.

अंगणातलं बोलणं थांबलं. समोरच्या पिठाच्या गिरणीतून एक गृहस्थ धावत आले, केसांवर आणि भुवयांवर पीठ. एका क्षणी मला वाटलं, पांढरं भूत म्हणतात ते हेच. ते परबकाका. मालवणकडचे, चाळीस वर्षं गिरणी चालवतात. त्यांनी पिशवी उचलली नाही. खुर्चीला हात जोडले, पुटपुटले आणि मगच मला म्हणाले की घाबरू नका, नवीन माणसाला तो समजून घेतो. पेढे मात्र आता त्याचे झाले. मग त्यांनी ते 'त्याच्या वतीने' जमलेल्यांना वाटले. मलाही एक मिळाला. घरून आणलेली वस्तू इतक्या कृतज्ञतेने मी आधी कधी खाल्ली नव्हती.

'तो' कोण, यावर गावठाणात तीन मतं आहेत. शेजारच्या कौलारू घरातल्या फिलूबाय, वय पंच्याहत्तरच्या पुढे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, गावठाणाच्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांनी फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळत तळत सांगितलं की त्यांची आजी या बंगल्यात स्वयंपाकाला होती. मालक म्हातारा डॉक्टर, एकटा, ख्रिस्तीच. संध्याकाळी या खुर्चीवर बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या पोरांना बोलावून पाढे विचारायचा. आला तर हातावर खडीसाखर, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मेला तोही याच खुर्चीवर, एकोणतीसचा पाढा ऐकता ऐकता. तेव्हापासून दिवेलागणीला तिथे कुणी गेलं तर कानाशी विचारणा होते. फिलूबाय दर शुक्रवारी खुर्चीपाशी मेणबत्ती लावतात. फुगे गरम, आतून पोकळ आणि किंचित गोड होते. पाचवा फुगा खाईपर्यंत मला डॉक्टरांबद्दल काहीही शंका उरली नाही.

परबकाकांना डॉक्टर मान्य नाही. तो राखणदार. जागेचा. माणूस नव्हेच, त्यामुळे धर्माचा प्रश्न येत नाही. त्याला वर्षातून एकदा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. तिसरं मत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातलं, की मालक पारशी होता, आणि म्हणून त्याला यातलं काहीच पोचत नाही.

मतं तीन असली तरी पाढ्यांबद्दल एकमत होतं. बंगल्याला सगळे 'पाढ्यांचा बंगला' म्हणतात. आणि मुलांचे आई-बाप अंधारानंतर पाठवत नाहीत ते उगीच नाही. भूत गळा धरणारं असतं तर एखाद्याने धीर केलाही असता. एकोणतीसचा पाढा विचारणाऱ्या भुतापुढे कोण उभा राहणार?

खुर्ची कुणी हलवत नाही, तिच्यावर कुणी बसत नाही, आणि तिथे कुठलाही कार्यक्रम झाला तर पहिला मान तिचा. सुजाताने ती आतल्या खोलीत ठेवायचा प्रयत्न केला होता. त्या आठवड्यात एकही मूल आलं नाही. तिने खुर्ची पुन्हा जागेवर आणून ठेवली, आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर लावली आणि विषय संपवला. उद्याही तिने हुशारीने ठरवलं होतं. अध्यक्षांची वेळ पाचची. म्हणजे ते सहाला येणार. परबकाकांनी पाचला खुर्चीचा मान उरकून घ्यायचा. पाहुण्यांसमोर ते दिसायला नको.

जाताना तिने मला ओटीवरचा टेम्पोतून नुकताच आलेला फलक दाखवला. त्यावर अध्यक्षांचा फोटो होता, हात जोडलेला, आणि 'कार्यसम्राट' असं लिहिलं होतं. फलक ओटीपेक्षा लांब होता. तो लावला तर बंगला दिसणार नव्हता.

"असू दे," सुजाता म्हणाली. "त्यांच्या हातात किल्ली आहे." मग ती म्हणाली, "मी जिन्याखाली बसून शिकले, ताई. जिन्यावरून लोक जायचे, धूळ वहीवर पडायची. ही जागा गेली ना, तर ही पोरं पुन्हा जिन्याखाली जातील."

## रविवार, तिथेच

अध्यक्ष वेळेवर आले.

सार्वजनिक जीवनात असं कुणी वागत नाही, त्यामुळे कुणीच तयारीत नव्हतं. पाचला दोन मिनिटं असताना फाटकापाशी गाडी थांबली. परबकाका अंगणात, हातात नारळ. फिलूबाय पायऱ्यांवर, हातात पेटलेली मेणबत्ती. सगळं गावठाण खुर्चीकडे तोंड करून उभं. सुजाता आत, बुद्धाच्या तसबिरीपुढे फुलं ठेवत होती. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ओटीवर चढले. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला आपली खुर्ची ओळखू येते. ते गेले आणि शिसवी खुर्चीत बसले. दोन्ही लांब हातांवर हात ठेवून, पाठ टेकून, ऐसपैस.

दोन-तीन जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आधीच बसले होते, तेही उठून उभे राहिले. एका आईने आपल्या मुलीला मागे ओढलं. अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि हाताने, बसा बसा, अशी खूण केली. कुणीच बसलं नाही.

माझ्या शेजारी नलू पुटपुटली, "वाट लागली."

सुजाता बाहेर आली आणि दारातच थिजली. परबकाकांकडे बघून तिने मान हलवली, आता नको म्हणून. पण नारळ हातात घेतला होता, माणसं जमली होती, वेळ झाली होती. काका सुजाताकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मान खुर्चेचो आसा. वर कोण बसलो हा, तां आपण कित्याक बघूचा?"

आणि पुढे झाले. नारळ त्यांनी खुर्चीसमोर, म्हणजे अध्यक्षांच्या पायांशी ठेवला. फिलूबायने वाकून शेजारी मेणबत्ती ठेवली, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला. एकेक जण येऊन हात जोडून मागे सरकत होता. काही बायकांनी खुर्चीच्या पायाला हात लावला. अध्यक्षांनी त्यांना आशीर्वाद दिला.

मग काकांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ज्यांनी कोकणात ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवाला किंवा राखणदाराला मोठ्या आवाजात केलेली तक्रारवजा विनंती. एक जण बोलतो, बाकीचे दर वाक्याला रुकार देतात.

"बा म्हाराजा, आज तुझ्या ह्या दारात सगळे लहानथोर जमले हत."

"होय म्हाराजा," अंगण म्हणालं. त्यात ख्रिस्ती होते, चाळींतले बौद्ध होते आणि औषधाच्या दुकानाचा मालकही होता. इतक्या वर्षांच्या शेजाराने सगळ्यांना ते पाठ होतं.

"ह्या जागेर जी पोरां अभ्यासाक बसतत, ती तुझीच लेकरां आसत."

"होय म्हाराजा."

अध्यक्षांचा चेहरा बदलला. मी खूप सत्कार पाहिले आहेत आणि त्यांत सत्कारमूर्तीला कंटाळा लपवताना पाहिलं आहे. या माणसाचा कंटाळा गळून पडत होता. कुणीतरी आपल्याला, मनापासून, डोळे मिटून, महाराज म्हणतंय, याची त्यांना बहुधा सवय नव्हती. एरवी ते फलकावर छापून घ्यावं लागत होतं.

"त्यांका हयसून उठवूचो इचार जर कोणाच्या मनात इलो आसात," काकांचा आवाज चढला, "तर त्येची बुद्धी पालट, आणि पोरांची जागा पोरांकच रवान दी, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

अध्यक्षांनी खाली पाहिलं. त्यांच्या खिशातून छापील भाषणाचा कागद डोकावत होता. त्यांनी तो बोटाने आत ढकलला.

सुजाताचं भाषण झालंच नाही. माझंही. अध्यक्ष उठले आणि म्हणाले की ते वेगळं काही बोलायला आले होते, पण आपलं मन जनतेने ओळखलं. जोवर ते अध्यक्ष आहेत, तोवर या मुलांना इथून कुणीही उठवणार नाही. शिवाय ओटीवर दिवे आणि आत पंखे न्यास देईल. टाळ्या वाजल्या. त्या कुणासाठी वाजल्या हे सांगणं अवघड आहे, कारण निम्मे लोक खुर्चीकडे बघत होते.

मला वाटलं, संपलं. पण सुजाता फाटकाकडे निघाली. नलूने तिचा दंड धरला. "ए, कुठे चाललीस? गप्प बस ना गं."

"पंचशील म्हणते मी रोज," सुजाता म्हणाली. "खोट्यावर कसं राहू देऊ?"

मीही मागोमाग गेले. आपण मध्ये पडायचं नाही, पण पुढे काय होतं ते बघायचं, ही इतिहासकाराची जुनी खोड. अध्यक्ष गाडीत बसत होते. सुजाताने त्यांना थेट सांगितलं. साहेब, ती खुर्ची बंगल्याच्या जुन्या मालकांची आहे. लोक म्हणतात, ते अजून तिथे बसतात. नारळ आणि गाऱ्हाणं त्यांच्यासाठी होतं.

अध्यक्षांनी हसून मान डोलावली. "समजलं. मोठ्या माणसाच्या गादीवर तुम्ही मला बसवलंत. जबाबदारी वाढली." आणि काच वर करता करता म्हणाले, "पुढच्या वर्षीही तिथेच बसणार मी."

सुजाता धूळ खाली बसेपर्यंत गाडीकडे बघत राहिली. "मी सांगितलं ना, ताई? स्पष्ट सांगितलं ना?"

मी म्हटलं, याहून स्पष्ट मराठीत सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा ऊन ओटीवरून उतरलं होतं. दिवेलागण होत होती. परबकाकांच्या बायकोने आणलेले घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार संपत आलं होतं. मुलं सवयीने दप्तरं आवरू लागली. सुजाताच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच अर्ध्यावर थांबला. जागा राहिली होती, पण दोन तासांचीच. पुढच्या वर्षी दुसरे अध्यक्ष आले, तर पुन्हा तोच मुद्दा.

"बसा रे," परबकाका मुलांना म्हणाले. मग त्यांच्या आयांकडे वळले. "आज बघितलात ना? एवढो मोठो माणूस त्येच्या मांडयेर बसलो, तरी म्हातारो हूं की चूं करूक नाय. तो पोरांका काय करतलो?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. युक्तिवादात काही खोट असली तर ती मला सापडली नाही, आणि मी तर्कशास्त्रही शिकवलेलं आहे. फिलूबाय म्हणाल्या की त्यांच्या आजीनेही हेच सांगितलं होतं, डॉक्टरला पोरं आवडायची, मोठ्यांचाच त्याला त्रास व्हायचा. मघाशी जिने मुलीला मागे ओढलं होतं, तीच बाई आधी पुढे झाली. आत गेली, बटण शोधलं आणि दिवा लावला. तिची मुलगी दप्तर पुन्हा उघडून बसली. मग दुसरी. मग एकदम सगळी, जागेवरून भांडत.

सुजाताने चपला काढल्या, आत गेली आणि मुलांच्या मधे जमिनीवर बसली. पाठ भिंतीला टेकवून, पाय लांब करून. डोक्यावर जिना नव्हता.

मी ओटीवर एकटी राहिले. प्लास्टिकच्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला होता. पाय दुखत होते. परबकाकांनी नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि उदारपणे कोपऱ्याकडे हात केला. "बसा की, मॅडम. आता कायव भय नाय."

माझा भुतांवर विश्वास नाही, हे मी सुरुवातीलाच लिहिलं आहे. पण घरमालकाने स्वतः म्हटल्याशिवाय त्याच्या खुर्चीवर बसू नये, एवढं आम्हाला साताऱ्यातही शिकवतात. मी पायरीवर बसले, खोबरं खाल्लं आणि, कुणी विचारलंच तर असावा म्हणून, मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. एकोणतीस सातेपाशी अडकले.

घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.